सुलभतेची सक्ती

१४ ऑक्टोबर २०२५ या दिवशी मायक्रोसॉफ्ट कंपनीने ‘विंडोज १०’ या आपल्या ऑपरेटिंग सिस्टिमला दिलेला सर्वसाधारण आधार काढून घेतला. जुलै २०१५ मध्ये ही प्रणाली आली तेव्हा विंडोजची ही अखेरचीच आवृत्ती, असे कंपनीच्या एका प्रतिनिधीने जाहीर व्यासपीठावरून सांगितले होते. ५ ऑक्टोबर २०२१ रोजी ‘विंडोज ११’ बाजारात आली. त्यानंतर चार वर्षांनी, स्टॅटकाउंटरच्या मोजणीनुसार जगातील विंडोज संगणकांपैकी सुमारे ४० टक्के संगणक अद्याप जुन्याच आवृत्तीवर चालत असताना, त्या आवृत्तीच्या मोफत सुरक्षा-दुरुस्त्या थांबविण्यात आल्या. यंत्रे धडधाकट होती. एका घोषणेने ती धोक्याची ठरली.

नवी आवृत्ती अधिक सुलभ आहे, अधिक सुटसुटीत आहे, माणसाला केंद्रस्थानी ठेवून घडविलेली आहे, असे तिचे वर्णन करण्यात आले. वर्तमानपत्रांच्या तंत्रज्ञानविषयक पुरवण्यांनी ते जसेच्या तसे छापले. परंतु ज्या वस्तूवर कोट्यवधी माणसांचे दैनंदिन काम अवलंबून आहे, तिच्याबाबतीत ‘सुलभ’ हा शब्द उच्चारला जाताच दोन प्रश्न विचारणे प्राप्त होते. सुलभ कोणाला? आणि तसे ठरविले कोणी?

ऑपरेटिंग सिस्टिम ही संगणकावरची एखादी जास्तीची चैन नव्हे. तलाठ्याचा सातबारा, पतसंस्थेची खातेवही, शाळेची पटनोंदणी, छापखान्यातील मजकुराची जुळणी ही सारी कामे आज ज्या पायावर उभी आहेत, तो हा पाया आहे. त्यात होणारा प्रत्येक बदल म्हणजे त्यावर काम करणाऱ्यांच्या श्रमाच्या अटींमध्ये झालेला बदल होय. कारखान्यातील यंत्राची मांडणी बदलली तर कामगार संघटना निदान प्रश्न विचारते. संगणकाच्या पडद्यावरील मांडणी एका रात्रीत बदलते आणि सकाळी कारकुनाने ती मुकाट्याने शिकून घ्यावी, अशी अपेक्षा असते.

श्रेय आणि त्याची मर्यादा

सुलभतेचा इतिहास तुच्छ लेखण्याजोगा मुळीच नाही. एके काळी संगणकाला काही सांगायचे तर त्याच्या सांकेतिक आज्ञा पाठ कराव्या लागत. चित्रे, खिडक्या आणि माऊस यांची पद्धती झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात १९७० च्या दशकात सिद्ध झाली. १९८४ च्या मॅकिंटॉशने आणि पुढे १९९५ च्या विंडोजने ती सामान्य माणसाच्या टेबलावर आणली. यामुळे संगणक हा मूठभर तज्ज्ञांचा मक्ता राहिला नाही. २०१९ मध्ये विंडोज १० मध्ये मराठीसह दहा भारतीय भाषांसाठी उच्चारानुसारी कळफलक आले, हीदेखील खरी सुधारणा होती. २०२२ मध्ये विंडोज ११ मध्ये कानी पडणाऱ्या बोलण्याचे पडद्यावर तत्काळ अक्षरांकन करण्याची आणि केवळ आवाजाने संगणक चालविण्याची सोय आली. ज्यांना ऐकू येत नाही वा ज्यांचे हात चालत नाहीत, त्यांच्या दृष्टीने तिचे मोल मोठे आहे. प्रारंभी ती अमेरिकी इंग्रजीपुरतीच होती, हेही नोंदविले पाहिजे.

पण याच आवृत्तीत सुलभतेच्या नावाखाली आणखी काय घडले? पडद्याच्या तळाशी असणारी, टास्कबार नावाची पट्टी वर किंवा कडेला नेण्याची १९९५ पासूनची मुभा २०२१ मध्ये काढून टाकण्यात आली. फाइल ओढून त्या पट्टीवर आणण्याची सोय गेली. ती परतली २०२२ मध्ये. उघडलेल्या प्रत्येक कामाचे नाव पट्टीवर वेगळे दिसावे, हा पर्याय गेला. तो परतला २०२३ मध्ये. माऊसची उजवी कळ दाबताच उघडणाऱ्या यादीतून कट, कॉपी, पेस्ट हे शब्द जाऊन त्यांच्या जागी बिनशब्दांची चिन्हे आली. ते शब्द परतले २०२४ मध्ये. जुन्या यादीतील कित्येक आज्ञा ‘आणखी पर्याय दाखवा’ या एका जादा पायरीच्या पलीकडे ढकलण्यात आल्या. आणि गेलेली प्रत्येक सोय परत येताना ‘नवी सुधारणा’ म्हणून जाहीर झाली! कोणाच्या खिशातून रुपया काढून घ्यावा, चार-चार आण्यांच्या हप्त्यांनी तो परत करावा आणि प्रत्येक हप्त्याला दान म्हणवून घ्यावे, तशातला हा प्रकार आहे.

हे बदल क्षुल्लक आहेत, एखाद्या जादा पायरीने कोणाचे काय बिघडते, असे कोणी म्हणेल. येथे साधा हिशेब करून पाहावा. दिवसातून दोनशे वेळा ती यादी उघडावी लागणारा एखादा कारकून घ्या आणि जादा पायरीला दोनच सेकंद धरा. दिवसाची जवळजवळ सात मिनिटे गेली. वर्षाच्या तीनशे दिवसांत तेहतीस तास, म्हणजे कामाचे चार पूर्ण दिवस गेले. एका माणसाचे हे चार दिवस लाखो माणसांनी गुणले म्हणजे क्षुल्लक या शब्दाचा अर्थ उमगतो. हा खर्च कंपनीच्या ताळेबंदात कोठेही दिसत नाही. कारखाना आपले सांडपाणी नदीत सोडतो तेव्हा त्याचा खर्च नदीकाठच्या गावांच्या माथी पडतो. अर्थशास्त्र त्याला बाह्य खर्च म्हणते. नव्या मांडणीचा खर्चही याच जातीचा आहे.

बोटांत साठलेले भांडवल

अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ पॉल डेव्हिड यांनी १९८५ मध्ये टंकलेखन यंत्राच्या कळफलकावर एक गाजलेला निबंध लिहिला. एकोणिसाव्या शतकात रूढ झालेली कळांची मांडणी अधिक चांगल्या मांडणीपुढेही का टिकून राहिली, हा त्याचा विषय होता. एकदा लाखो बोटांना एक वळण पडले की ते वळण हीच एक आर्थिक शक्ती होऊन बसते, हे त्यांच्या उत्तराचे सार होते. अन्य मांडण्या खरोखरच सरस होत्या काय, यावर पुढे मतभेद झाले. तथापि सवयीत गुंतलेले कौशल्य हे भांडवल असते, हा मुद्दा त्या वादाने खोटा ठरला नाही. हे भांडवल कामगाराने स्वतःच्या वेळाचे मोल देऊन जमविलेले असते. महाराष्ट्रात २००० नंतरच्या दशकात एमएस-सीआयटीचा अभ्यासक्रम सुरू झाला; सरकारी नोकरीसाठी संगणक-प्रमाणपत्र आवश्यक ठरले आणि खेड्यापाड्यांतील मुलामुलींनी शुल्क भरून जे शिकून घेतले, त्यात विंडोजच्या खिडक्या आणि बटणे यांचा वाटा मोठा होता. ती बटणे हलविली की त्यांच्या शिक्षणाचा एक अंश बुडीत खात्यात जातो. त्याची भरपाई कोणी करीत नाही.

यावर एक युक्तिवाद नेहमी पुढे केला जातो : कंपनी लहरीने बदल करीत नाही, कोट्यवधी संगणकांवरून येणाऱ्या वापराच्या आकडेवारीवरून करते. टास्कबार कडेला नेण्याची मागणी करणारे इतरांच्या मानाने थोडे, असे समर्थन २०२२ मध्ये कंपनीच्या बाजूने करण्यात आले होते. हे समर्थन लोकशाहीसारखे दिसते. ते लोकशाहीचे नाही. माणूस कोणती कळ किती वेळा दाबतो, एवढेच ही आकडेवारी सांगते. त्याला काय हवे आहे, ते त्याला विचारल्यावाचून कळत नाही. शिवाय शंभरातील पाचांची गरज ही सरासरीत नाहीशी होत असली तरी त्या पाचांच्या आयुष्यात ती पूर्ण शंभर टक्के असते. वापरसुलभतेचे जे आंतरराष्ट्रीय मानक १९९८ मध्ये ठरले, त्यातील व्याख्यासुद्धा विशिष्ट माणसे, त्यांची विशिष्ट उद्दिष्टे आणि कामाची विशिष्ट परिस्थिती यांच्याच संदर्भात केलेली आहे. सर्वांसाठी, सर्व कामांत, सर्वकाळ सुलभ अशी वस्तू त्या व्याख्येत बसतच नाही. ती बसते फक्त जाहिरातीत.

दोन चुका, दोन परिणाम

ज्याला ही प्रणाली पसंत नाही त्याने ती वापरू नये, बाजार मोकळा आहे, असे मुक्त बाजारवाले सांगतील. अल्बर्ट हिर्शमन या अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये दाखवून दिले आहे की, एखाद्या संस्थेचा दर्जा घसरू लागला तर माणसापाशी दोन उपाय असतात : बाहेर पडणे, किंवा आत राहून आवाज उठविणे. विंडोज वापरणाऱ्या कारकुनापाशी यांपैकी कोणता उपाय आहे? त्याचे यंत्र कचेरीने घेतले आहे, कचेरीचे सॉफ्टवेअर त्याच प्रणालीवर चालते, त्याचे प्रमाणपत्रही तिचेच आहे. बाहेरचा दरवाजा त्याला बंद आहे. आणि आवाज उठविला तर तो कोणत्या सभेत? कंपनीचे अभिप्राय-पुस्तक उघडे असते खरे. पण त्यात लिहिणाऱ्याला मत नसते.

याचा अगदी प्रयोगशाळेत मांडावा तसा दाखला इतिहासात उपलब्ध आहे. एप्रिल २०११ मध्ये लिनक्सवर चालणाऱ्या नोम या मुक्त डेस्कटॉपची तिसरी आवृत्ती आली आणि तिने जुनी, अंगवळणी पडलेली मांडणी मोडीत काढली. पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर २०१२ मध्ये, विंडोज ८ ने ‘स्टार्ट’ हे बटणच नाहीसे केले. चूक एकाच प्रकारची होती, समर्थनही एकच होते : नवा काळ, नवी सुलभता. परिणाम मात्र निराळे झाले. नोमची मूळ आज्ञावली सर्वांना खुली असल्यामुळे नाराज झालेल्यांनी ती हाती घेतली. जुनी मांडणी चालू ठेवणारा माटे आणि नव्या पायावर जुने वळण राखणारा सिनॅमन, असे दोन पर्याय थोड्याच काळात उभे राहिले, आणि ते आजही वापरात आहेत. विंडोजचे ग्राहक संख्येने कितीतरी पटींनी अधिक. पण त्यांना वाट पाहण्यावाचून गत्यंतर नव्हते. ऑक्टोबर २०१३ मध्ये त्यांना नुसते बटण परत मिळाले. बटणामागची यादी मिळायला २०१५ साल उजाडले. मुक्त सॉफ्टवेअर करणारे लोक अधिक शहाणे असतात, असा या घटनेचा अर्थ नाही. चूक दोघांनीही केली. एका ठिकाणी ती दुरुस्त करण्याचा अधिकार वापरणाऱ्यांच्या हाती होता आणि दुसरीकडे तो मालकाच्या मर्जीवर होता, एवढाच फरक; परंतु तोच निर्णायक फरक आहे.

सुरक्षिततेचा मुखवटा

नव्या आवृत्तीच्या बाजूने मांडला जाणारा सर्वांत गंभीर मुद्दा सुरक्षिततेचा आहे आणि तो टाळता येणार नाही. संगणकावरील हल्ले वाढले आहेत, म्हणून टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप आणि ठरावीक पिढीचा प्रोसेसर असलेल्या यंत्रांवरच विंडोज ११ चालेल, अशी अट घालण्यात आली. इंटेलच्या बाबतीत साधारणतः २०१७ च्या उत्तरार्धात आलेल्या आठव्या पिढीपासूनचे प्रोसेसर या अटीत बसतात. त्यामुळे जी यंत्रे निकामी ठरतील त्यांची संख्या कॅनॅलिस या बाजार-संशोधन संस्थेने डिसेंबर २०२३ मध्ये सुमारे २४ कोटी अशी अंदाजिली होती.

सुरक्षितता हाच खरा हेतू होता असे क्षणभर मान्य करू या. मग जुन्या आवृत्तीच्या सुरक्षा-दुरुस्त्या विकत कशा मिळू लागल्या? संस्थांसाठी पहिल्या वर्षी यंत्रामागे ६१ डॉलर, दुसऱ्या वर्षी त्याच्या दुप्पट, तिसऱ्या वर्षी पुन्हा दुप्पट असा दर जाहीर झाला. शिक्षणसंस्थांना तो नाममात्र ठेवण्यात आला. घरगुती ग्राहकाला एका वर्षाची मुदतवाढ ३० डॉलरांना देऊ करण्यात आली. अथवा त्याने कंपनीचे खाते उघडून आपल्या संगणकाची मांडणी कंपनीच्या साठ्यात जमा करावी, म्हणजे ती फुकट. युरोपातील ग्राहक संघटनेने तक्रार करताच युरोपीय आर्थिक क्षेत्रापुरती ही जमा करण्याची अट २०२५ मध्ये मागे घेण्यात आली. म्हणजे दुरुस्त्या तयार होतच होत्या. त्या देणे तांत्रिक दृष्ट्या अशक्य नव्हते. जेथे लोक संघटित होते आणि कायदा जागा होता तेथे अटी सैल झाल्या. पुण्या-नागपूरच्या ग्राहकाच्या वाट्याला ती सवलत आली नाही. संघटनेची किंमत काय असते, याचा यापेक्षा स्वच्छ पुरावा कोणता हवा?

या सुलभतेच्या पोटात आणखी काय दडलेले आहे, तेही पाहावे. विंडोज ११ ची घरगुती आवृत्ती प्रथम सुरू करताना इंटरनेटची जोडणी आणि कंपनीचे खाते मागू लागली. आपल्याच पैशांनी घेतलेल्या यंत्रात शिरायला मालकाने परक्याच्या वहीत नाव नोंदवावे, असा हा न्याय आहे. एप्रिल २०२४ मध्ये स्टार्ट यादीत शिफारशींच्या नावाने जाहिराती आल्या. मे २०२४ मध्ये ‘रिकॉल’ या सोयीची घोषणा झाली : पडद्यावर जे जे दिसते त्याची छायाचित्रे संगणक दर काही सेकंदांनी टिपून ठेवणार, म्हणजे माणसाला मागचे शोधणे सोपे जाईल! सुरक्षातज्ज्ञांनी झोड उठविल्यावर ती पुढे ढकलावी लागली आणि एप्रिल २०२५ मध्ये, ज्याला हवी त्यानेच चालू करावी अशा रूपात, ती आली. ‘ज्याला हवी त्यानेच’ हे तीन शब्द मिळविण्यासाठी जवळजवळ वर्षभर ओरड करावी लागली.

विचारण्याची परंपरा

जो वापरतो त्याला विचारून यंत्र घडवावे, ही कल्पना काही स्वप्नाळू नाही. ती संगणकशास्त्राइतकीच जुनी होत आली आहे आणि ती कामगार चळवळीच्या पोटी जन्मली आहे. १९७० च्या दशकाच्या आरंभी नॉर्वेतील लोखंड व धातू कामगारांच्या संघटनेने क्रिस्टेन न्यूगोर या संगणकशास्त्रज्ञाबरोबर काम हाती घेतले. कारखान्यात येणारा संगणक कामगारांचे काय करणार हे कामगारांनीच समजून घ्यावे आणि त्यावर आपले म्हणणे मांडावे, हा त्या कामाचा हेतू होता. १९७५ मध्ये नॉर्वेच्या कामगार महासंघाने मालकांच्या महासंघाशी संगणकविषयक करार केला. पुढे १९८१ ते १९८५ या काळात ‘युटोपिया’ नावाच्या प्रकल्पात उत्तर युरोपातील छपाई कामगार आणि संशोधक एकत्र बसले. भावी यंत्राची रचना ठरविताना त्यांनी लाकूड आणि पुठ्ठ्याची खोकी मांडून प्रत्यक्ष काम करून पाहिले, म्हणजे यंत्र येण्यापूर्वीच कामगाराला ‘हे येथे नको, तेथे हवे’ असे म्हणता यावे. न्यूगोर हे कोणी यंत्रद्वेष्टे नव्हते. संगणकशास्त्रातील सर्वोच्च मानला जाणारा ट्युरिंग पुरस्कार २००१ साठी त्यांना आणि त्यांचे सहकारी ओले-योहान दाल यांना मिळाला.

दुसरे उदाहरण अधिक अलीकडचे आहे. अंध व्यक्तींना पडदा वाचून दाखविणारी सॉफ्टवेअर्स भारी किमतीला विकली जात असताना, २००६ मध्ये ऑस्ट्रेलियातील मायकेल करन आणि जेम्स तेह या दोघांनी एनव्हीडीए हे मोफत आणि खुले सॉफ्टवेअर घडविण्यास प्रारंभ केला. दोघेही स्वतः अंध आहेत. सुलभता म्हणजे काय हे त्यांना कोणाच्या आकडेवारीतून शिकावे लागले नाही.

आपल्या देशातही मार्ग अडलेला नाही. मार्च २०१५ मध्ये केंद्र सरकारने खुल्या सॉफ्टवेअरला सरकारी कामात प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर केले. केरळने शाळांमधून मुक्त सॉफ्टवेअरचा वापर रूढ केला, त्यासाठी शिक्षकांना तयार केले आणि तो प्रयोग टिकविला. नुसती प्रणाली बदलली म्हणजे सर्व साधते असे मात्र नाही. जर्मनीतील म्युनिक शहराने २००३ मध्ये लिनक्सचा निर्णय घेतला आणि २०१७ मध्ये विंडोजकडे परतण्याचा ठराव केला. सुटकेच्या मार्गालाही सातत्य, पैसा आणि वापरणाऱ्यांची साथ लागते, हा त्यातला धडा.

महाराष्ट्रात पुढील मागण्या धरून बसणे आवश्यक आहे. सरकारी पैशांनी घेतलेल्या प्रत्येक संगणकाच्या करारात, यंत्र जितकी वर्षे चालेल असे अपेक्षित आहे तितकी वर्षे सुरक्षा-दुरुस्त्या विनामूल्य देण्याचे बंधन असावे. केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काविषयी समिती नेमली. तो हक्क स्क्रूपुरता न राहता सॉफ्टवेअरलाही लागू व्हावा. खरेदीपूर्वी त्या यंत्रावर काम करणारे लिपिक, शिक्षक आणि अपंग कर्मचारी यांच्या समितीने ते वापरून पाहावे व तिचा नकार बंधनकारक मानावा. कर्मचारी संघटनांनी महागाई भत्त्याच्या शेजारी हाही विषय मागणीपत्रकात घालावा. आणि संगणक-शिक्षणाच्या अभ्यासक्रमांनी एका कंपनीच्या बटणांऐवजी संगणकाच्या कामाची तत्त्वे शिकवावीत, म्हणजे बटण हलले तरी शिकलेले वाया जाणार नाही.

सुलभतेला कोणाचाच विरोध असण्याचे कारण नाही. पण ज्या सोयीला नकार देता येत नाही, ती सोय राहत नाही. ती आज्ञा होते. तेव्हा पुढची आवृत्ती येईल आणि तिच्या सुटसुटीतपणाचे गोडवे गायिले जातील, त्या वेळी पहिला प्रश्न पडद्याच्या रंगरूपाचा नसावा. ज्यांना यावर रोज आठ तास काम करायचे आहे, त्यांना विचारले होते काय, हा असावा.